एका ओळीतले वडील : सुभेदार रामजी सकपाळ

स्मरणिकेसाठी लेख पाठव, असा ग्रुपवर निरोप आला तेव्हा मला आठवीतली वक्तृत्व स्पर्धा आठवली. निमित्त डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीचे होते. मी पाठ केलेले भाषण न अडखळता म्हटले आणि मला दुसरे बक्षीसही मिळाले. त्या भाषणात बाबासाहेबांच्या वडिलांबद्दल एकच ओळ होती : ते लष्करात सुभेदार होते. कार्यक्रम संपल्यावर मराठीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले की, या सुभेदारांनी मुलासाठी काय केले ते तुला ठाऊक आहे का? मला काहीच सांगता आले नाही. शोधून काढ आणि मग मला सांग, असे म्हणून बाई वर्गावर गेल्या. बाई आज नाहीत. राहिलेले उत्तर या पानांवर लिहितो आहे.

वसईचा तह आपण सगळ्यांनीच घोकला आहे : ३१ डिसेंबर १८०२. पुढे १८१८ साली पेशवाई संपली आणि कोकणावर कंपनी सरकारचा अंमल बसला. कंपनीच्या मुंबई फौजेत कोकणातल्या महार कुटुंबांतले अनेक तरुण भरती झाले. गावात ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांना पलटणीत गणवेश, पगार आणि हुद्दा मिळत होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे मालोजी सकपाळ हे त्यांपैकीच एक. रामजी हे मालोजींचे पुत्र. तेही वडिलांच्या मागोमाग पलटणीत गेले.

रामजींचे लग्नही पलटणीतल्याच घराण्यात झाले. पत्नी भीमाबाई आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या, मुरबाडच्या. त्यांचे वडील फौजेत सुभेदार मेजर होते. रामजींनी बंदूक चालवली, पण त्यांचा खरा जीव रमला तो फळ्याजवळ. सैनिकांच्या मुलांना, अगदी मुलींनाही, पलटणीच्या शाळेत शिकणे सक्तीचे होते. त्या शाळांसाठी लागणारे शिक्षक पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये तयार होत. रामजी तेथे शिकले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. सुभेदार हा त्यांचा हुद्दा होता, पण पेशाने ते मास्तर होते. आठवीत मला हे कळले असते, तर माझ्या भाषणातली ती ओळ मी वेगळी लिहिली असती.

रामजी कबीरपंथी होते. दारू आणि मांस त्यांनी वर्ज्य केले होते. पहाटे आणि संध्याकाळी घरात भजन होई आणि ते मुलांकडून अभंग व दोहे पाठ करून घेत. महात्मा फुल्यांच्या कामाबद्दल त्यांना आदर होता. इंग्रजी त्यांना चांगले येत होते आणि मुलांचे इंग्रजी व गणित ते स्वतः घेत.

महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे चौदावे अपत्य, भीमराव, जन्माला आले. या चौदांपैकी बळराम, आनंदराव आणि भीमराव हे तीन मुलगे आणि मंजुळा व तुळसा या दोन मुली एवढीच मुले जगली. भीमराव वर्षाचे होते तेव्हा, १८९२ साली, सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या पलटणीने दोन पिढ्यांना अक्षर आणि मान दिला, तिचे दार आता पुढच्या पिढीला बंद झाले. रामजी स्वस्थ बसले नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेऊन त्यांनी सरकारकडे अर्ज करण्याची खटपट केली, पण हुकूम फिरला नाही. मुलांसाठी आता शाळा हीच एक वाट उरली होती.

पेन्शनीत निघाल्यावर ते दापोलीला आले. तेथल्या शाळेत अस्पृश्यांच्या मुलांना प्रवेश नव्हता. मग बिऱ्हाड साताऱ्याला हलले. तेथे १८९६ साली भीमाबाई गेल्या. भीमराव तेव्हा पाच वर्षांचे होते. रामजींची पाठीने अधू असलेली बहीण मीराबाई हिने मुलांना सांभाळले. पुढे ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमरावांचे नाव दाखल झाले. तेथील रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर असे नाव आहे आणि नोंदीचा क्रमांक १९१४. हाच दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आपल्या शाळेतही तो साजरा होतो, हे मला भाचीकडून कळले.

त्याच सुमारास दुष्काळी कामावर, खटाव तालुक्यातल्या गोरेगावला, रामजी खजिनदार होते. सुटीत मुलांनी भेटायला यावे म्हणून त्यांनी बोलावणे पाठवले. मुले नवे कपडे घालून मसूर स्टेशनावर उतरली, पण न्यायला कोणी आले नव्हते. येत असल्याचे मुलांनी लिहिलेले पत्र नोकराने रामजींना दिलेच नव्हते. जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, पोरांनी स्वतः बैल हाकत, रात्रभर पाण्यावाचून तो प्रवास केला. या प्रसंगाचे पुढे जगभर वाचन झाले. मला मात्र त्यातले गोरेगावात बसलेले वडील दिसतात, ज्यांना मुले वाटेत आहेत हेच ठाऊक नव्हते.

रामजी सर्व बाबतींत आदर्श होते असे नाही. त्यांनी दुसरे लग्न केले आणि आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमराव बिथरले. घर सोडून मुंबईच्या गिरणीत जायचे त्यांनी मनात घेतले होते. पण शिक्षणाचा प्रश्न आला की बाप आणि लेक पुन्हा एका बाजूला असत.

१९०४ साली कुटुंब मुंबईला, परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत आले. चूल, भांडी, जाते, शेळी आणि माणसे, सगळे तेथेच. दोन्ही मुलांचा खर्च पेन्शनीत भागेना, म्हणून आनंदरावांनी शाळा सोडली आणि रेल्वेच्या कारखान्यात नोकरी धरली. बाबासाहेबांच्या पदव्या मोजताना हा भाऊही मोजायला हवा. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवत आणि त्याच जागी स्वतः आडवे होत. पुस्तक हवे असले की लेकींच्या घरी जात. पैसे नसतील तर दागिना मागून घेत, गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवत.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. केळुसकर गुरुजींच्या शब्दावरून सयाजीराव महाराजांनी महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती दिली. १९१२ साली ते बी.ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये वडिलांच्या मनाविरुद्ध बडोद्याच्या नोकरीवर गेले. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी बर्फी घ्यावी म्हणून ते सुरतेला उतरले आणि गाडी निघून गेली. दुसऱ्या गाडीने मुंबईला पोहोचले तेव्हा रामजी शेवटच्या घटका मोजत होते. डोळे मुलाला शोधत होते. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३.

सुरतेहून मुंबईला येणारी गाडी आपल्याच गावावरून जाते. वैतरणेचा पूल, विरार, वसई, मग खाडी. त्या दिवशी एक एकवीस वर्षांचा मुलगा इथूनच गेला. मी याच रुळांवरून पस्तीस वर्षे लोकलने नोकरीला गेलो आणि हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळले.

माझे वडीलही परळच्या गिरणीत होते. १९८२च्या संपात घरात पगार येईना तेव्हा आईच्या पाटल्या सराफाकडे गेल्या, पण माझे कॉलेज थांबले नाही. वडील गेले त्या दिवशी मी वेळेवर पोहोचलो होतो. तरीही पाटल्यांबद्दल बोलायचे राहून गेले ते राहूनच गेले.

बाबासाहेबांनी तसे राहू दिले नाही. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला.

मित्रमैत्रिणींनो, मेळाव्याच्या निधीतून आपण गुणी विद्यार्थ्यांना बक्षिसे देणार आहोत. माझी एक सूचना आहे. मुलाचे नाव पुकारताना त्याच्या आईवडिलांचे नावही पुकारावे आणि त्यांनाही व्यासपीठावर बोलवावे. बाईंच्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.