पर्सी स्पेन्सर आणि माझा कॉफीचा कप

आपल्या हॉस्टेलच्या पँट्रीत आता मायक्रोवेव्ह आलाय, म्हणून हे लिहितोय.

दिवाळीच्या सुट्टीत मी वैतरणा स्टेशनजवळच्या आमच्या घरी होतो. सबमिशनचं जागरण चालू होतं. चिनी मातीच्या कपात पाणी गरम केलं आणि विसरलो. गार झालं म्हणून तेच पाणी पुन्हा तीन मिनिटं लावलं. कप बाहेर काढला तर पाणी एकदम शांत, एकही बुडबुडा नाही. तापलंच नाही असं समजून कॉफीची पूड टाकली आणि अर्धं पाणी उसळून माझ्या हातावर आलं! आई टूथपेस्ट आणायला धावली. दादाने तिला थांबवलं आणि माझा हात वीस मिनिटं नळाखाली धरला.

दादा आयटीआय करून बोईसरच्या एमआयडीसीत वायरमन आहे. पाणी उकळत नव्हतं तर उडालं कसं, असं त्याने विचारलं. मेकॅनिकलच्या थर्ड इयरला असून मला उत्तर देता आलं नाही. हाताला बँडेज असल्याने लिहिणं बंदच होतं. म्हणून हे यंत्र शोधणाऱ्या माणसाबद्दल वाचत बसलो. आणि तो निघाला माझ्यापेक्षा दादाच्या जातकुळीचा!

पर्सी स्पेन्सर १८९४ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात, हाउलंड गावी जन्मला. तो दीड वर्षाचा असताना वडील गेले, आई सोडून गेली. काका-काकूंनी वाढवलं, पण सातव्या वर्षी काकाही गेले. शाळा अर्धवट सोडून बाराव्या वर्षी तो गिरणीत कामाला लागला. जवळच्या कागद गिरणीत वीज येणार असं कळल्यावर त्याने तिथे नाव दिलं आणि काम करता करता वायरिंग शिकला. १९१२ साली टायटॅनिक बुडाली. त्या वेळच्या बिनतारी संदेशांच्या बातम्यांनी तो भारावला आणि नौदलात गेला. रात्रपाळीच्या पहाऱ्यावर पुस्तकं वाचून गणित आणि फिजिक्स त्याने स्वतःच पक्कं केलं.

पुढे रेथिऑन कंपनीत तो रडारच्या मॅग्नेट्रॉन नळ्यांचा तज्ज्ञ झाला. दुसऱ्या महायुद्धात दिवसाला १७ नळ्या बनत होत्या, त्याच्या सुधारणांमुळे तो आकडा २६०० वर गेला. १९४५ च्या सुमारास चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं. मग त्याने मक्याचे दाणे ठेवले, त्यांच्या लाह्या झाल्या. नंतर अंडं ठेवलं, तर ते वाकून बघणाऱ्या सहकाऱ्याच्या तोंडावर फुटलं असं सांगतात. त्याच वर्षी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ मधला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलोचा होता. घरच्या ओट्यावर मावेल असा ओव्हन १९६७ साली आला. शाळा न संपवलेल्या या माणसाला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. १९७० साली तो वारला.

त्या अंड्याने दिलेला इशारा मात्र मला उशिरा कळला. आत अडकलेली वाफ बाहेरून दिसत नाही. कपातल्या पाण्याचंही काहीसं तसंच. गॅसवर भांड्याचा तळ सगळ्यात जास्त तापतो आणि त्यावरच्या बारीक खाचांमधून बुडबुडे सुरू होतात. मायक्रोवेव्हमध्ये थेट पाणीच तापतं. कप गुळगुळीत असला आणि पाण्यातली हवा आधीच्या तापवण्यात निघून गेली असली, तर बुडबुड्याला सुरुवात करायला जागाच मिळत नाही. पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही गप्प राहतं. मग चमचा, पूड किंवा नुसता धक्का लागला की एकदम वाफ होते आणि उकळतं पाणी बाहेर फेकलं जातं.

म्हणून पाणी ठेवतानाच कपात आइस्क्रीमची लाकडी काडी टाका. वेळ बेताचीच लावा. तापवलेलं पाणी पुन्हा तापवू नका. बंद झाल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि तोंड कपावर आणू नका.

हात आता बरा आहे, डाग राहिलाय. दादाला हे सगळं समजावलं तेव्हा तो नुसता हसला. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हशेजारी काड्यांचं पुडकं ठेवलेलं दिसलं.