प्राणवायूची मात्रा ठरवणारे हाल्डेन

पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने दीडशे टनांहून अधिक क्लोरीन वाऱ्यावर सोडला. हिरवट-पिवळ्या ढगात सापडलेले सैनिक गुदमरून कोसळू लागले. हा वायू कोणता आणि त्यावर उपाय काय, हे शोधण्यासाठी ब्रिटिश सरकारने जॉन स्कॉट हाल्डेन यांना तातडीने फ्रान्सला पाठवले.

एडिंबरा येथे १८६० मध्ये जन्मलेले हाल्डेन वैद्यकाचे पदवीधर होते. पण त्यांचा बराच काळ रुग्णालयापेक्षा कोळशाच्या खाणींत गेला. खाणीतील स्फोटात बहुतेक कामगार भाजून नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे त्यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले. विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची सूचनाही त्यांचीच. श्वासाचा वेग प्रामुख्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइडवर ठरतो, हे त्यांनी १९०५ मध्ये सहकाऱ्यासह सिद्ध केले.

फ्रान्समध्ये रुग्ण पाहिल्यावर क्लोरीनची खात्री पटली. सैनिकांसाठी घरोघरी तयार होणाऱ्या कापसाच्या पट्ट्या कोरड्या असताना निरुपयोगी होत्या आणि भिजल्या की त्यांतून श्वास घेता येत नसे. मग क्लोरीन सोडलेल्या बंद खोलीत हाल्डेन आणि त्यांचे सहकारी स्वतः शिरले आणि कोणता मुखवटा किती टिकतो, हे त्यांनी तपासले. या प्रयोगांसाठी आघाडीवरून बोलावून घेतलेल्यांत त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेनही होता. पुढे भारतात स्थायिक झालेले जनुकशास्त्रज्ञ ते हेच.

मुखवट्याने पुढचा हल्ला टळू शकत होता. पण ज्यांच्या फुप्फुसांत वायू गेलाच होता, त्यांचे काय? क्लोरीनमुळे फुप्फुसांच्या वायुकोशांत पाणी भरते आणि प्राणवायू रक्तापर्यंत पोचत नाही. त्या काळी नाकासमोर नरसाळे धरून अधूनमधून प्राणवायू सोडत. त्यातला बहुतेक हवेतच जाई. थोडा वेळ देऊन बंद केलेल्या प्राणवायूचा उपयोग नाही, कारण शरीरात त्याचा साठा जवळजवळ राहतच नाही, हे हाल्डेन जाणून होते. म्हणून १९१७ मध्ये त्यांनी नवे उपकरण मांडले: चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटा, मिनिटाला किती लिटर प्राणवायू जातो हे ठरवणारी झडप आणि रुग्ण श्वास सोडत असताना भरणारी पिशवी. त्यामुळे प्राणवायू वाया जाणे थांबले, तो तासन् तास देता येऊ लागला आणि औषधासारखी त्याचीही मात्रा ठरवता येऊ लागली.

पर्शियातील तेलक्षेत्रात उष्माघाताचा अभ्यास करून परतल्यावर मार्च १९३६ मध्ये हाल्डेन यांचे न्यूमोनियाने निधन झाले. कोविडच्या लाटेत रुग्णाला मिनिटाला किती लिटर प्राणवायू लागतो, हा प्रश्न घरोघरी विचारला गेला. त्या हिशेबाच्या मुळाशी हाल्डेन यांचे काम आहे.