फादर थॉमस स्टीफन्स : चाळीस वर्षांची तयारी

उन्हाळ्याच्या सुटींत परदेशीं जावें, तेथील दीनदुबळ्यांची कांहीं सेवा करावी व त्या लोकांची भाषाही शिकून यावें, अशी इच्छा आपल्या धर्मग्रामांतील कित्येक तरुण अलीकडे मजजवळ बोलून दाखवितात. तयारी काय करावी, असें ते विचारतात. पारपत्र, पैसा व सामानसुमान यांची तरतूद आईबाप करतीलच. परंतु मनाची तयारी कशी असावी हें सांगण्यास एका सत्पुरुषाच्या चरित्राहून चांगलें साधन मजजवळ नाहीं. म्हणून महोत्सवाच्या या स्मरणिकेंत क्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांची अल्पशी ओळख वाचकांच्या हातीं देत आहें.

इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन या गांवीं १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील व्यापारी होते. राणी एलिझाबेथ हिच्या त्या अमदानींत मिस्सा अर्पण करण्यास कायद्यानें बंदी होती. थॉमस पाउंड या जिवलग मित्रासह रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करण्याचा त्यांनीं निश्चय केला. पण निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले व पुढें त्यांचीं सुमारें तीस वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोंचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजीं संघांत दाखल झाले. मित्राला मात्र ते विसरले नाहींत. १५७८ सालीं त्यांनीं संघाच्या मुख्याधिकाऱ्यांस विनंतिपत्र लिहिलें, आणि बंदिवासांत असलेल्या पाउंड यांचा संघांत स्वीकार झाला. एकाला प्रवास लाभला, दुसऱ्याला तुरुंग. परमेश्वराच्या दरबारीं दोघांचीही सेवा रुजू झाली. आपण जातों तेव्हां मागें कोणीतरी राहिलेला असतो, हें जाणाऱ्यानें विसरूं नये.

रोम येथें अध्ययन करून स्टीफन्स लिस्बनला आले व ४ एप्रिल १५७९ रोजीं पांच जहाजांच्या काफिल्याबरोबर निघाले. सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रांत गेला. ताजें अन्न नसल्यामुळें हिरड्या सुजण्याचा रोग जहाजावर पसरला आणि कित्येक प्रवासी दगावले. अखेर २४ ऑक्टोबर रोजीं ते गोव्यास उतरले. वाटेंतील वारे, मासे व पक्षी यांचें वर्णन करणारें जें पत्र त्यांनीं वडिलांस १० नोव्हेंबर रोजीं लिहिलें, तें पुढें १५८९ सालीं इंग्लंडांत छापून प्रसिद्ध झालें.

१५८० सालीं त्यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि नंतरचें जवळजवळ सर्व आयुष्य त्यांनीं गोव्यांतील साष्टी प्रांतांत वेंचलें. तेथें त्यांची खरी शाळा सुरू झाली. लोकांची घरगुती बोली कोंकणी. पुराणें ऐकावयाचीं तीं मराठींत. स्टीफन्स यांनीं दोन्ही भाषा आत्मसात केल्या. १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत या देशांतील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळते, असें त्यांनीं नमूद केलें. पंडितांनीं ही गोष्ट शास्त्ररूपानें मांडावयास त्यानंतर दोनशें वर्षें लागलीं.

त्याच वर्षीं, जुलै महिन्यांत, कुंकळ्ळी येथें फादर रुदोल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार संघबंधू मारले गेले. पोर्तुगीज सत्तेनें देवळें पाडलीं होतीं, त्याचा संताप गांवकऱ्यांच्या मनांत धुमसत होता. हें सत्य लपविण्यांत धर्माचें हित नाहीं. आपल्या बांधवांचे देह मिळवून त्यांचें दफन करण्याचें दुःखद कार्य स्टीफन्स यांच्यावर आलें. त्यानंतर ते साष्टी सोडून गेले असते तरी कोणी नांवें ठेवलीं नसतीं. पण ते तेथेंच राहिले आणि त्याच लोकांच्या भाषेची उपासना करीत राहिले.

या उपासनेचें फळ म्हणजे क्रिस्तपुराण. नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सत्तेनें बंद केलीं होतीं. त्यांच्या ओंठांवर गावयास कांहींच उरलें नव्हतें. आमचीं पुराणें नेलींत, तर त्या जागीं दुसरें कांहीं कां देत नाहीं, या आशयाचा प्रश्न एका ब्राह्मणानें पाद्रीगुरूंस विचारल्याचा प्रसंग ग्रंथारंभींच आला आहे. त्यास उत्तर म्हणून सुमारें अकरा हजार ओव्यांत त्यांनीं जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या चरित्रापर्यंतची कथा सांगितली. ओवी आपली, स्वर्गाला शब्दही वैकुंठ हाच. १६१६ सालीं राशोल येथें तो ग्रंथ छापला गेला, तेव्हां ते पासष्टी ओलांडून गेले होते व गोव्यांत येऊन सदतीस वर्षें झालीं होतीं. मराठी अक्षरांचे खिळे पाडावे, अशी विनंती त्यांनीं १६०८ सालीं रोमला केली होती. ती सफळ झाली नाहीं व ग्रंथ रोमी लिपींतच निघाला.

१६१९ सालीं त्यांचें निधन झालें. त्यांचें कोंकणी व्याकरण १६४० सालीं छापलें गेलें. भारतीय भाषेचें तें पहिलें छापील व्याकरण मानतात. १६८४ सालीं तर पोर्तुगीज सरकारनें कोंकणी बोलण्यावरच बंदीचा हुकूम काढला. तरी क्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती श्रद्धावंतांनीं घरोघर जपल्या, आणि त्यांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुन्हां छापलें गेलें.

तरुण मित्रांनो, तुमची सुटी दोन महिन्यांची. फादर स्टीफन्स यांची चाळीस वर्षांची. फरक मोठा आहे, पण आरंभ एकच आहे. तुम्ही जेथें जाल तेथें प्रथम शिकवावयास बसूं नका. तेथील म्हातारीकडून भाकरीला काय म्हणतात तें विचारा, चुका करा, मुलें हंसलीं तर तुम्हींही हंसा. ज्याच्या दारीं सेवा करावयाची, त्याच्या तोंडचा शब्द नम्रपणें मागून घेणें, ही सेवेची पहिली पायरी होय. ती चढण्याचें बळ प्रभू तुम्हांस देवो.