पदरमोड : कै. डॉ. दिनकर केळकर यांचे जीवन

(द्वितीय वर्ष, कला)

बाजीराव रस्त्यावरून नातूबागेकडे वळले, की शुक्रवार पेठेत राजा केळकर संग्रहालय लागते. आपल्यापैकी बहुतेकांनी ते शाळेच्या सहलीत पाहिले असेल. रांगेने, बाईंच्या धाकात, कुठेही हात न लावता. त्यातला मस्तानी महाल तेवढा लक्षात राहतो. ज्या गृहस्थांनी आयुष्य वेचून ते उभे केले, ते मात्र विस्मरणात जातात. कित्येकांना तर 'राजा' हे कोणा संस्थानिकाचे नाव वाटते. म्हणून या अंकात कै. डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांच्याविषयी लिहावे असे मी ठरविले. माझे आणखीही एक कारण आहे, ते ओघात येईल.

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. पुण्यात ते चष्म्यांचा व्यवसाय करीत आणि कविता लिहीत. कवितेसाठी त्यांनी 'अज्ञातवासी' हे नाव घेतले होते. पुढे ज्या माणसाच्या घरी देशोदेशीचे पाहुणे वस्तू पाहायला येणार होते, त्याने स्वतःसाठी हे नाव निवडावे, याची मला गंमत वाटते. लोक त्यांना काका म्हणत. मीही पुढे तसेच म्हणेन.

साधारण १९२० च्या सुमारास काकांनी जुन्या वस्तू जमविण्यास सुरुवात केली. तो काळ पुण्यात इतिहासाच्या वेडाचा होता. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले होते. राजवाड्यांसारखी माणसे गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यावरची दप्तरे उतरवून घेत होती. परंतु त्यांचा शोध मुख्यतः कागदाचा होता. लढाई कोणी केली, तह कोणी केला, वतन कोणाला मिळाले, हे कागद सांगतात. त्या घरातली बाई सुपारी कशाने कातरीत होती, पाय कशाने घाशीत होती, तान्ह्याला दूध कशातून पाजीत होती, हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नसते. काकांनी नेमके हे उचलले. अडकित्ते, वज्री, बोंडली, दौती, पानपुडे, समया, लामणदिवे, खवण्या, फण्या, गंजिफा, कोरीव दरवाजे. वज्री म्हणजे पाय घासायची साधी वस्तू. पण तिच्या पाठीवर कोणा कारागिराने मोर बसविला, कोणी हत्ती. पायाखाली जाणाऱ्या वस्तूवरही इतके कष्ट घेणारा माणूस कोण असेल, हा प्रश्न काकांना पडला असला पाहिजे. एरवी इतक्या वज्री कोणी जमविल्या नसत्या.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, लोकांसाठी उघडले ते १० जानेवारी १९२२ रोजी. त्या दिवशी काकांना सव्वीस वर्षे पूर्ण झाली. मुंबईला घुमटाची दगडी इमारत, सरकारचा आश्रय, धनिकांच्या देणग्या. पुण्याला एका चष्मेवाल्याचे राहते घर आणि त्यात दिवसेंदिवस वाढत जाणारी पितळेची अडगळ.

संग्रहालय सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला मराठीत अभिरक्षक म्हणतात; बोलताना आपण क्युरेटरच म्हणतो. हे काम शिकावे लागते, ही कल्पनाच आपल्याकडे उशिरा रुजली. बडोद्याला सयाजीरावांनी १८९४ साली संग्रहालय उघडले. आणि होतकरू तरुणांना संस्थानच्या पैशाने परदेशी पाठविण्याची त्यांची रीत तर प्रसिद्धच आहे. १९१३ साली डॉ. आंबेडकर अमेरिकेला गेले ते याच शिष्यवृत्तीवर. परंतु संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग बडोद्याच्या विद्यापीठात निघाला तो १९५२ साली, आणि दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयाच्या जोडीने या विषयाची संस्था उभी राहायला १९८९ साल उजाडले. म्हणजे बडोद्याचा पहिला वर्ग भरला तेव्हा काकांची तीस वर्षांची तपश्चर्या होऊन गेली होती. त्यांना ना शिष्यवृत्ती, ना प्रवासखर्च, ना पगारी रजा. महाराष्ट्रात आणि बाहेर गुजरात, राजस्थानपासून दक्षिणेपर्यंत ते वस्तूंच्या शोधात हिंडले ते पदरमोड करून. चष्म्याच्या दुकानात मिळालेला पैसा एका दाराने आत येई आणि समई होऊन दुसऱ्या दाराने घरात शिरे. पैसा कमी पडला तेव्हा पत्नी कमलाबाईंनी अंगावरचे दागिनेही पुढे केले, असे सांगतात. काकांच्या चरित्रात हे वाक्य एका ओळीत उरकले जाते. मला ते एका ओळीचे वाटत नाही. त्या काळी बाईला दागिना म्हणजे केवळ हौस नव्हती. उद्या वाईट दिवस आले तर तेवढाच तिचा आधार असे. तो मोडून घरात आला एक जुना अडकित्ता. आज ज्याला आपण फेलोशिप म्हणतो, ती काकांना कमलाबाईंनी दिली, असे मी म्हणेन. इतिहासाच्या पुस्तकात देणगीदारांच्या यादीत असली नावे नसतात.

या दांपत्याचा मुलगा राजा लहानपणीच गेला. पुढे संग्रहाला त्याचे नाव दिले गेले. याविषयी अधिक लिहिण्याचा मला अधिकार नाही. एवढेच, की त्या दुःखानंतरही वस्तू येत राहिल्या, आणि संग्रहाकडे नुसता छंद म्हणून पाहणे मला तरी जमत नाही.

आता माझे कारण सांगते. आमच्या घरचा धंदा मोडीचा. आजोबा १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्याला आले आणि पेठेतल्या एका मोडीच्या दुकानात तराजूवर लागले. पुढे वडिलांनी स्वतःची छोटी जागा केली. मोड म्हणजे फुटकी, जुनी, नको झालेली भांडी. तांबे, पितळ, कासे वेगळे करायचे, वजन करायचे, भट्टीकडे धाडायचे. स्टेनलेस स्टील घरोघर आले, कल्हईवाले दिसेनासे झाले, वाडे पडून इमारती झाल्या, तसतशी घंगाळे, बंब, हंडे, तपेली, पराती पोत्यांनी दुकानात येऊ लागली. मोडीत भांड्याची नक्षी मोजत नाहीत. समईवर हंस असो नाहीतर नसो, भाव किलोचा. किंबहुना नक्षीत माती अडकते म्हणून थोडी घटच धरतात. आजोबा सांगतात, किती वस्तू त्यांच्या हातून भट्टीत गेल्या याचा हिशेब नाही. हे ते पश्चात्तापाने सांगत नाहीत. त्या वजनावर तीन मुले वाढली.

याच शहरात, त्यांच्याही आधी पन्नास वर्षे, दुसरा एक माणूस त्याच वस्तू वजनावर न घेता नक्षीसाठी घेत होता. मी घरात पहिलीच कॉलेजला गेलेली. इतिहासाच्या तासाला काकांचे नाव ऐकले तेव्हा प्रथम मनात आले ते हे.

दिवाळीच्या सुट्टीत आजोबांना संग्रहालयात घेऊन गेले. मस्तानी महाल पाहिला. कोथरूडला बाजीरावाने बांधलेल्या महालाचे अवशेष आणून काकांनी तो येथे पुन्हा उभा केला आहे. आजोबांनी तो मान डोलावून पाहिला आणि ते पुढे गेले. दिव्यांच्या आणि भांड्यांच्या कपाटांपुढे मात्र ते हलेनात. हे ओतीव, हे ठोकीव. याचा बूड मागाहून डाख देऊन बसविला आहे. हे मठारकाम तांबट आळीतल्यासारखे, ठोका कसा एका ओळीत आहे बघ. हे कासे, पितळ नव्हे, वाजविले तर नाद लांबत जाईल. अर्थात वाजवायला परवानगी नव्हती. आजोबा चौथी शिकलेले. अर्ध्या तासात त्यांनी मला जे सांगितले ते एका पुस्तकात मला मिळाले नसते. काकांनीही आपली विद्या अशीच मिळविली असली पाहिजे : तांबटांकडून, जुन्या बाजारातल्या विक्रेत्यांकडून, खेड्यातल्या घरधनिणीकडून, वस्तू हातात घेऊन, उलटी करून, वजन जोखून.

परंतु केवळ एवढ्यावर भागत नाही, हेही मला वाचल्यावर कळले. वस्तू आली की तिची नोंदवहीत नोंद करायची, तिला क्रमांक द्यायचा, ती कोठून आली, कोणी दिली, कशी आहे ते लिहायचे. ही नोंद नसेल तर शंभर वर्षांनी तो नुसता दिवा उरतो. कोणाचा, कोठला, काही नाही. कापडावर आणि रंगीत चित्रावर प्रकाश जपून पाडायचा. पन्नास लक्सच्या वर नको, असा संकेत आहे, आणि तेवढा उजेड म्हणजे संध्याकाळच्या माजघरासारखा. पुण्याच्या पावसाळ्यातला दमटपणा लाकडाला फुगवितो, उन्हाळा त्याला तडा देतो, म्हणून हवेतील ओलावा शक्यतो स्थिर ठेवायचा. तांब्या-पितळेला क्षार लागले की फिकट हिरवी पूड धरते. तो एक प्रकारचा रोगच, धातू आतून पोखरत जातो. आणि सगळ्यात मला नवल वाटले ते चिंचेचे. आमच्या घरी पितळ चिंचेने लखलखीत करणे ही शिस्त. संग्रहालयात तो अपराध, कारण आंबट रस वस्तूच्या अंगावर काळाने चढलेली साय खाऊन टाकतो आणि बारीक नक्षी झिजवितो. आईला हे सांगितले तेव्हा तिने माझ्याकडे संशयाने पाहिले.

ही विद्या आज पैसे देऊन शिकविली जाते, आणि शिकणाऱ्यालाही पैसे मिळतात. लंडनचे ब्रिटिश म्युझियम २००६ पासून निरनिराळ्या देशांतल्या अभिरक्षकांना प्रशिक्षणासाठी बोलाविते, खर्च करते. भारतातलेही त्यात जाऊन आले आहेत. कलकत्त्याच्या एका ब्रिटिश व्यापाऱ्याच्या, चार्ल्स वॉलेसच्या, पैशातून १९८१ साली निघालेल्या न्यासाने कला आणि वारसा जतनासाठी अनेक भारतीयांना ब्रिटनला पाठविले. दिल्लीच्या सांस्कृतिक मंत्रालयाचीही संग्रहालयातील लोकांच्या प्रशिक्षणासाठी अनुदानाची योजना आहे. मुंबईच्या संग्रहालयात पदव्युत्तर पदविका आहे. हे सर्व चांगलेच आहे. काकांच्या वेळी यातले एक असते तर कमलाबाईंच्या अंगावर चार दागिने राहिले असते.

पण या योजनांची रचना नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. परदेशची प्रशिक्षणे प्रामुख्याने त्यांच्यासाठी असतात, जे आधीच एखाद्या संग्रहालयात नोकरीला आहेत. नोकरीला पदव्युत्तर पदवी लागते. पदवीला दुसऱ्या गावी राहण्याचा खर्च लागतो. अर्ज इंग्रजीत लागतो. म्हणजे जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर गालिचा आहे, खालच्या तीन पायऱ्या ज्याने त्याने आपल्या बांधायच्या. ज्याच्या घरी बांधायला सामान आहे तो वर जातो. बडोद्याचा खर्च काढून मी घरी सांगितला तेव्हा वडील म्हणाले की बँकेच्या परीक्षेचा क्लास त्यापेक्षा स्वस्त आहे, आणि हिशेब म्हणून ते खरेच आहे. आईने पाटल्यांचा विषय काढला. मी तो तेथेच थांबविला. कमलाबाईंची गोष्ट लिहायला ठीक आहे, ती आपल्या आईच्या हातावर पाहणे वेगळे.

असो. काकांचे पुढचे आयुष्य लौकिकदृष्ट्या यशाचे आहे. १९६० पर्यंत संग्रह सुमारे पंधरा हजार वस्तूंपर्यंत गेला. १९६२ साली रीतसर संग्रहालय सुरू झाले. १९७५ साली काकांनी तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. ज्या वस्तू एकेक करून विकल्या असत्या तर पिढ्यान्‌पिढ्या बसून खाता आले असते, त्या त्यांनी देऊन टाकल्या. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. दिली, भारत सरकारने पद्मश्री. ज्यांना कोणी संग्रहालयशास्त्र शिकविले नाही, ते अशा रीतीने डॉक्टर झाले. १७ एप्रिल १९९० रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले.

आज संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. दालनांत मांडलेल्या आहेत सुमारे अडीच हजार. हे काही नवल नाही. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांचाही बहुतेक माल कोठारातच असतो. पण आकडा वाचून मी वजाबाकी केली. साडेसतरा हजारांवर वस्तू कोठारात. प्रत्येकीला कोणीतरी हातात घेऊन, उलटी करून, ती ओतीव की ठोकीव, तिचा डाख मूळचा की मागाहूनचा, हे पाहून लिहायला हवे. असे पाहणारे जुने हात दरवर्षी कमी होत आहेत. आजोबांनी पंचाहत्तरी ओलांडली. दिवाळीपासून मी रोज रात्री दुकान बंद झाल्यावर त्यांच्याकडून एका वहीत धातूंचे, सांध्यांचे आणि ठोक्यांचे शब्द उतरवून घेत आहे. शेजारच्या पानावर आमच्या सरांच्या मदतीने त्यांचे इंग्रजी लिहिते, म्हणजे अर्ज करायची वेळ आली तर उपयोगी पडेल. डाख या शब्दावर आम्ही दोन दिवस अडलो होतो. सध्या पान चव्वेचाळीस चालू आहे.