जमशेटजी टाटा आणि त्यांचे गिरणी-कामगार

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव निघताच पोलादाचा कारखाना आठवतो. परंतु तो त्यांच्या पश्चात उभा राहिला. त्यांच्या हयातीतील खरी कसोटी नागपूरच्या कापडगिरणीत लागली. दुधनीहून आगगाडीने सोलापूरच्या गिरण्यांत गेलेल्या माणसांच्या गोष्टी ज्यांच्या घरी चालतात, त्या बालवाचकांस आम्ही तीच हकीकत सांगतो.

जमशेटजींचा जन्म १८३९ साली नवसारी येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बाहेर पडल्यावर ते वडिलांच्या व्यापारात शिरले, आणि १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून नागपूर का? कापूस त्याच मुलखात पिकत होता.

कापूस मिळाला, पण माणसे टिकेनात. शंभरांतील सुमारे वीस मजूर रोज गैरहजर असत. दंड बसवावा, हा इतर गिरण्यांचा रिवाज. जमशेटजी व त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी निराळी वाट धरली. चांगले काम करणाऱ्यांस वार्षिक समारंभात रोख रकमा व घड्याळे बक्षीस मिळू लागली. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा फंड निघाला. १८९५ पासून अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई मिळू लागली. सरकारी कायद्याने असा हक्क १९२३ साली दिला, म्हणजे २८ वर्षांनी!

हा निव्वळ दानधर्म होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. गिरणीत हवा ओलसर राखणारी यंत्रे बसविली, ती मुख्यतः सुतासाठी. कोरड्या हवेत धागा वारंवार तुटतो. टिकून राहिलेला मजूर हात बसल्याने कमी माल बिघडवितो, हेही त्यांनी हेरले होते. गिरणी भरभराटीस आली, यात नव्या रिंग चात्यांचाही वाटा होताच. शिवाय कामाचे तास फार लांब असत. प्रौढ पुरुषांसाठी त्यांस १९११ पर्यंत कायद्याची मर्यादाच नव्हती. असो.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेटजींचे देहावसान झाले. त्यापूर्वी दोन वर्षे त्यांनी पुत्र दोराबजींस पत्र लिहून, पोलादाच्या नियोजित गावात रुंद रस्ते, सावलीची झाडे, खेळांची मैदाने आणि सर्व धर्मांची प्रार्थनामंदिरे असावीत, असे कळविले होते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास खर्चणे भाग पाडले आहे. मात्र केवळ आपल्याच नोकरांसाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. तो आजही मालकाने आपल्या हिशेबाने करावयाचा असतो.