मगहरची वाट

मुलांनो, तुमच्यापैकी काहीजण मालेगावात किंवा भिवंडीत राहत असतील. तेथील गल्ल्यांतून जाताना यंत्रमागांचा खडखडाट तुम्ही ऐकला असेल. त्या मागांवर काम करणाऱ्या कित्येक कुटुंबांचे पूर्वज उत्तर भारतातून आले. ते तिकडेही विणकरच होते. अशाच एका विणकराची ही कथा आहे. त्यांच्या काळी यंत्रमाग नव्हते, हातमाग होते. हे विणकर म्हणजे संत कबीर.

कबीर पंधराव्या शतकात काशी येथे राहत. नीरू आणि नीमा या मुसलमान विणकर दांपत्याने त्यांना वाढवले. लहरतारा तलावाजवळ हे मूल त्यांना सापडले, अशी कथा सांगतात. घरची गरिबी होती. कबीर लहानपणीच मागावर बसू लागले. उभे धागे ताणावेत, धोटा इकडून तिकडे टाकावा, कापड विणावे आणि बाजारात नेऊन विकावे, हा त्यांचा उद्योग. विणता विणता ते दोहे आणि पदे रचत. संत रामानंद हे त्यांचे गुरू होते, असे मानले जाते.

त्या काळी काशीत मोठमोठे पंडित होते. काजी आणि मुल्लाही होते. कोण पवित्र, कोण अपवित्र, कोणाला स्वर्ग मिळणार, कोणाला नरक, याचा निवाडा माणसेच करून टाकीत. विणकराला तर समाजात खालचा समजत. कबीरांना हे पटत नसे. मनात कपट असेल तर गंगेत स्नान करून काय उपयोग, असे ते पंडितांना विचारत. मनात दया नसेल तर नमाज आणि रोजे काय कामाचे, असे ते मुल्लांना विचारत. राम आणि रहीम ही एकाच ईश्वराची नावे आहेत, असे ते सांगत. दुसऱ्यांचे दोष शोधण्याआधी माणसाने स्वतःचे मन तपासावे, असे ते शिकवत.

असे रोखठोक बोलणे लोकांना कसे आवडणार? दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्यावर रागावले. त्यांनी सुलतान सिकंदर लोदीकडे कबीरांविरुद्ध तक्रार नेली, असे सांगतात. पण कबीर डगमगले नाहीत. त्यांचा माग चालूच राहिला आणि त्यांची पदे लोकांच्या ओठांवर खेळू लागली.

कबीर म्हातारे झाले. आता तुम्हांला एक गोष्ट माहीत असायला हवी. काशीत मरण आले तर मोक्ष मिळतो, अशी लोकांची श्रद्धा होती. म्हणून दूरदूरची वृद्ध माणसे शेवटचे दिवस काढण्यासाठी काशीत येत. काशीच्या उत्तरेला, गोरखपूरजवळ, आमी नदीच्या काठी मगहर नावाचे गाव आहे. तेथे मरणारा पुढच्या जन्मी गाढव होतो, असे लोक म्हणत. मगहरच्या लोकांनी काय पाप केले होते? काहीच नाही. तरीही त्यांचा निवाडा आधीच होऊन गेला होता!

सारे जग काशीकडे येत असताना कबीर काशी सोडून मगहरला निघाले. जन्मभराचे गाव, ओळखीची माणसे, सारे मागे राहिले. त्यांनी असे का केले असेल? काशीत मेल्यामुळेच मुक्ती मिळत असेल, तर ती काशीची करामत झाली. मग ईश्वराच्या कृपेची गरजच काय? आणि ईश्वराची कृपा खरी असेल, तर ती मगहरच्या वेशीवर अडेल कशी? जन्मभर त्यांनी या कृपेवर भरवसा ठेवला होता. मरतानाही त्यांनी तो सोडला नाही. परंपरेनुसार १५१८ साली मगहर येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या देहासाठी हिंदू आणि मुसलमान शिष्यांत वाद झाला. चादर उचलून पाहिली, तर खाली फक्त फुले होती, अशी आख्यायिका आहे. आजही मगहरला कबीरांची समाधी आणि मजार जवळजवळ उभी आहेत.

१६०४ साली शिखांचा आदिग्रंथ तयार झाला. त्यात कबीरांची पदे आहेत. आपल्या नामदेवांचे नाव कबीरांनी आदराने घेतले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कबीरांना आपल्या तीन गुरूंपैकी एक मानत.

मुलांनो, कोणी तुमच्या जातीवरून, गावावरून किंवा कपड्यांवरून तुम्हांला कमी लेखले, तर मगहरची वाट आठवा. लोकांच्या बोलण्याने ईश्वराची दया कमी होत नाही. आणि दुसऱ्याचा निवाडा करण्याचा मोह तुम्हांला झाला, तरीही तीच वाट आठवा.