रक्तदाबाच्या जनुकांचा शोध आणि रोनाल्ड फिशर

रक्तदाबावर प्रभाव टाकणारी जनुके शोधण्याच्या आजच्या सांख्यिकीय पद्धतींचे मूळ १९१८ मधील एका शोधनिबंधात आहे. तो लिहिणारे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८९० रोजी लंडन येथे झाला.

लहानपणापासून त्यांची दृष्टी अधू होती. दिव्याच्या उजेडात वाचण्यास मनाई असल्याने कागद-पेन्सिलीविना, मनातल्या मनात गणिते सोडवण्याची त्यांना सवय जडली. १९१२ मध्ये केंब्रिजची पदवी मिळवल्यानंतर पहिल्या महायुद्धात दृष्टिदोषामुळे सैन्यप्रवेश नाकारला गेला आणि त्यांनी शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली. याच काळात त्यांनी तो निबंध लिहिला.

मेंडेल यांच्या प्रयोगात वाटाण्याची रोपे उंच किंवा बुटकी, अशी स्पष्ट वेगळी होती. माणसाची उंची वा रक्तदाब मात्र अशा दोन गटांत विभागता येत नाही. त्यामुळे अशा गुणांना मेंडेल यांचे नियम लागू पडत नाहीत, असे अनेक संख्याशास्त्रज्ञ मानत होते. अनेक जनुकांचे लहान-लहान परिणाम एकत्र आल्यास असाच सलग चढउतार दिसतो, हे फिशर यांनी गणिताने सिद्ध केले. माणसामाणसांतील फरकाच्या मापाला त्यांनी ‘व्हेरियन्स’ हे नाव दिले आणि त्यातील आनुवंशिकतेचा वाटा वेगळा काढण्याची रीत घालून दिली. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या परीक्षकांनी शंका घेतल्याने हा निबंध अखेर एडिनबर्ग येथे प्रसिद्ध झाला.

१९१९ पासून रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात त्यांनी प्रयोगांच्या आखणीचे शास्त्र विकसित केले. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले होते. सी. आर. राव यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली केंब्रिजमध्ये पीएच.डी. मिळवली.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे १९४८ पासून त्याच व्यक्तींचा आणि १९७१ पासून त्यांच्या मुलांचाही रक्तदाब वेळोवेळी नोंदवला गेला. वयानुसार तो किती वेगाने वाढतो आणि त्या वेगात नातेवाइकांचे किती साम्य आहे, हे तपासताना फिशर यांचीच विभागणी उपयोगी पडते. २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासानंतर रक्तदाबाशी संबंधित जनुकीय स्थानांची संख्या ९०० वर गेली. बहुतेकांचा परिणाम अत्यल्प आहे, फिशर यांच्या गणिताशी जुळणारा.

त्यांच्या कार्याला काळी बाजूही आहे. मानवी वंशसुधारणेच्या विचाराचे ते आयुष्यभर समर्थक राहिले. सिगारेटमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हा निष्कर्षही त्यांनी मान्य केला नाही. धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग या दोहोंमागे एकच जनुक असू शकेल, असा त्यांचा तर्क होता. तो चुकीचा ठरला. २०२० मध्ये केंब्रिजमधील त्यांच्या महाविद्यालयाने त्यांच्या स्मरणार्थ बसवलेली रंगीत काचेची खिडकी काढून टाकली.

२९ जुलै १९६२ रोजी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे फिशर यांचे निधन झाले. त्यांची अनेक मते काळाने नाकारली. जनुकांचा शोध घेणारे संशोधक त्यांचे गणित मात्र आजही वापरतात.